एका टाकीत किती किलोमीटर?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या काही आठवड्यांत मोटारसायकलीच्या अ‍ॅव्हरेजविषयी तीन-चार पत्रे वाचनात आली. एका वाचकाने कंपनीने सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष हाती येणारा आकडा यांतील तफावतीची तक्रार केली होती, दुसऱ्याने पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलला दोष दिला होता, तर आणखी एकाने पंपावरच्या मापाबद्दल शंका घेतली होती. यांपैकी कोणतीही तक्रार मी उडवून लावणार नाही. परंतु या सर्वांहून मोठा वाटा ज्याचा असतो, त्या चालवणाऱ्याच्या उजव्या मुठीचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी एसटीच्या आगार कार्यशाळेत ३३ वर्षे मेकॅनिक म्हणून काम करून निवृत्त झालो. आमच्याकडे इंधनाचा हिशेब दहा लिटरमागे किती किलोमीटर असा मांडतात आणि त्याला सगळे केपीटीएल म्हणतात. गाडी फेरीवरून परतली की डिझेल भरताना नोंद होते, आणि ती नोंद गाडीच्या खात्यावर जशी चढते तशीच चालकाच्या नावावरही चढते. तीच गाडी, तोच मार्ग आणि जवळपास तितकेच प्रवासी असतानाही दोन चालकांचे केपीटीएल निरनिराळे येते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याविषयी मला वेगळ्या पुराव्याची गरज वाटत नाही. एखादी गाडी ‘डिझेल खाते’ म्हणून आमच्याकडे आली की आम्ही नोझल, पंप, एअर फिल्टर आणि ब्रेकची पकड तपासत असू. त्यात काही सापडले नाही तर ती गाडी आगारातल्या एखाद्या जुन्या, शांत हाताच्या चालकाकडे दोन दिवस सोपवत असू. पान्याला हातही न लावता आकडा वर आल्याचे प्रसंग मला अनेक आठवतात. दुचाकीवाल्याच्या नावावर अशी नोंद कोणीच ठेवत नाही, त्यामुळे सगळा दोष आपोआप गाडीवर, कंपनीवर किंवा पंपावर जातो.

मागच्या पावसाळ्यातला घरातलाच एक प्रसंग सांगतो. माझा पुतण्या चिपळूणला नोकरी करतो. सोमवारी पहाटे पाटणहून निघायचे, आठवडाभर तिकडेच फिरायचे आणि शनिवारी संध्याकाळी कुंभार्ली घाट चढून घरी यायचे, असा त्याचा क्रम आहे. त्याची गाडी शंभर सीसीची, इंधन इंजेक्शनची आहे आणि तिच्या टाकीत पावणेदहा लिटरच्या आसपास पेट्रोल मावते. टाकी पूर्ण भरली की ट्रिप मीटर शून्यावर आणायचे आणि ४५० किलोमीटर झाले की पुन्हा भरायचे, असा त्याने स्वतःपुरता नियम केला होता, आणि उन्हाळाभर तो नियम निभावलाही होता. त्या शनिवारी मात्र मागे मित्र बसलेला, दोघांच्या पाठीवर बॅगा, समोरून पावसाचा मारा आणि अंधार पडायच्या आत घाट पार करायची घाई. चिपळूण सोडतानाच काटा लाल पट्ट्यावर टेकला होता, पण ट्रिप मीटरवर ४१० देखील झाले नव्हते, म्हणून त्याने पंपाकडे पाहिले नाही. पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला, आणि माथा दोन वळणांवर राहिला असताना गाडीने दोन गचके दिले व ती बंद पडली. ट्रिप मीटरवर तेव्हा ४३५ किलोमीटर होते.

फोन आला तेव्हा साडेसात वाजले होते. हेळवाकमार्गे मी तेथे पोहोचेपर्यंत नऊ झाले. माझी गाडी जुनी, कार्बोरेटरची आहे. ती थंड होऊ दिली, कॉकखालची रबरी नळी सोडवली आणि बॅटरीच्या उजेडात एक लिटरची बाटली भरून घेतली. पेट्रोल त्याच्या टाकीत ओतले तरी गाडी लगेच सुरू होईना, कारण इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप आधी नळीत दाब भरतो आणि मगच इंजिनला फवारा मिळतो. चावी चालू करायची, पंपाचा बारीक ‘घूं’ असा आवाज थांबेपर्यंत वाट पाहायची, बंद करायची आणि पुन्हा चालू करायची; तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली. दीड तास ती दोन मुले धुक्यात, कठड्याला टेकून, वळणावर येणाऱ्या ट्रकना मोबाइलचा उजेड दाखवत उभी होती. पेट्रोल संपणे ही किरकोळ गैरसोय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी रात्रीच्या घाटातली ती दीड तासाची वेळ डोळ्यांसमोर आणावी.

घरी आल्यावर पुतण्याचे पहिले वाक्य होते, ‘काका, गाडीचे अ‍ॅव्हरेज पडलेय, सर्व्हिसिंगवाल्याने काहीतरी बिघडवलेय.’ मी गाडी तपासली. प्लगचा रंग ठीक होता, एअर फिल्टर नवा होता आणि दोन्ही चाके हाताने फिरवली तर सहज फिरत होती. मागच्या चाकात हवा थोडी कमी होती, तेवढी भरून घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही एक प्रयोग केला. पाटण ते कऱ्हाड आणि परत, असे ७० किलोमीटर. पंपावर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून टाकीच्या गळ्यातल्या ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल भरले. पहिली फेरी पुतण्याने त्याच्या नेहमीच्या पद्धतीने मारली, मी मागे बसलो. परत येऊन त्याच पंपावर, त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत भरले तेव्हा १.४ लिटर पेट्रोल बसले. दुपारी मी चालवली आणि तो मागे बसला. या वेळी १.१ लिटर बसले. म्हणजे त्याच्या हातात लिटरला ५० आणि माझ्या हातात ६३ किलोमीटरांहून थोडे अधिक. वेळ त्याला १ तास २४ मिनिटे लागला, मला १ तास ३५ मिनिटे. अकरा मिनिटांच्या बदल्यात तीस रुपयांहून अधिक किमतीचे पेट्रोल त्याने जाळले होते, तेही वाटेत जेथे थांबावे लागले तेथे आम्ही दोघेही सारखेच थांबलेलो असताना. खुणेपर्यंत भरण्यात थोडीफार चूक होऊ शकते आणि एका फेरीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्याला एक वही करून दिली आणि पुढचे तीन महिने प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून लिहायला सांगितले. त्या वहीचा उल्लेख पुढे येईलच.

मागच्या सीटवर बसून मी काय पाहिले, ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेख तेथेच आहे. पुतण्या भरधाव चालवणारा मुलगा नाही. काटा ७० च्या वर क्वचितच गेला. पण त्याची मूठ एक क्षणही स्थिर नव्हती. समोर मोकळा रस्ता दिसला की पिळायची, ट्रॅक्टर दिसला की सोडायची आणि ब्रेक दाबायचा, ट्रॅक्टर ओलांडला की पुन्हा पिळायची. गतिरोधकाच्या वीस पावले आधीपर्यंत इंजिन जोरात, आणि मग दोन्ही ब्रेक. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किंचाळेपर्यंत खेचायची आणि मग तिसरा टाकायचा. क्लचवर तर डाव्या हाताची दोन बोटे कायम टेकलेली. चढावर गिअर बदलण्याऐवजी हाफ क्लचवर गाडी ओढायची. हे सगळे तो नकळत करत होता, आणि विचारले असते तर ‘मी सावकाशच चालवतो’ असेच म्हणाला असता.

ब्रेकची किंमत किती असते, याचा एक ढोबळ हिशेब मांडतो. गाडी ११० किलोची आणि त्यावरची दोन माणसे मिळून १४० किलोची धरली, तर अडीचशे किलोचे वजन शून्यापासून ताशी ५० किलोमीटरला नेण्यासाठी जी ऊर्जा लागते ती पेट्रोलमधूनच येते. जळलेल्या पेट्रोलपैकी साधारण पाचवा हिस्साच चाकापर्यंत काम म्हणून पोहोचतो आणि बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे व इंजिनच्या पात्यांवाटे निघून जाते, असे धरले तर तेवढा वेग एकदा घ्यायला साडेतीन ते चार मिलिलिटर पेट्रोल लागते. चहाचा छोटा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. म्हणजे ५० च्या वेगावरून ब्रेक मारून थांबलो आणि पुन्हा तोच वेग घेतला, की पाऊण चमचा पेट्रोल ब्रेकच्या लायनरवर घासून गेले. दहा किलोमीटरच्या रस्त्यात असे दहा वेळा झाले तर ३५ ते ४० मिलिलिटर गेले. आणि एरवी हे दहा किलोमीटर कापायला ही गाडी दीडशे मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल घेते. पाव हिस्सा केवळ थांबण्या-निघण्यात जातो, तो असा. पुढचा गतिरोधक शंभर मीटरवरून दिसला की तेथेच मूठ सोडून द्यावी, गाडी आपल्या ओघात हळू होऊ द्यावी आणि ब्रेक शेवटच्या चार पावलांपुरताच वापरावा; आधी घेतलेला वेग अशा वेळी निदान अंतर कापण्याच्या कामी तरी येतो. माझ्या फेरीतली बचत मुख्यतः एवढ्यातूनच झाली.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ४० वरून ६० झाला, म्हणजे दीडपट झाला, की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. मोटारसायकल मोटारीपेक्षा लहान असली तरी तिच्यावर माणूस ताठ बसलेला असतो, रेनकोट फुगलेला असतो, पाठीवर बॅग असते, आणि हा सारा पडदा हवेत ढकलत न्यायला इंजिन मात्र शंभर सीसीचे असते. समोरून वारा असेल तर तोही वेगात मिळवावा लागतो. आषाढात कऱ्हाडहून पाटणकडे, म्हणजे पश्चिमेला येताना ताशी १५ किलोमीटरचा वारा समोर असेल, तर काट्यावर ५० दिसत असताना छातीवर ६५ ची हवा आदळत असते. पुतण्याच्या ४५० किलोमीटरच्या नियमाने उन्हाळ्यात साथ दिली आणि पावसाळ्यात दगा दिला, त्याचे एक कारण हे होते. मागे बसलेला मित्र आणि चढाचा घाट ही दुसरी दोन.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की जितके हळू तितके उत्तम. आमच्या भागातले काही ज्येष्ठ गृहस्थ चौथ्या गिअरमध्ये ताशी २५ ने जातात, इंजिन गुदमरते, चेन धडधडते, आणि पेट्रोल वाचवतो आहोत असे समाधान ते बाळगतात. अशा वेळी इंजिनला ओढ पुरत नाही, म्हणून मूठ जास्त पिळावी लागते, आणि नॉकिंग होऊन, म्हणजे इंजिनात ठोके पडून, पिस्टनचे नुकसान होते ते वेगळेच. शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाडीला वरच्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५५ हा पट्टा मानवतो, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. त्या पट्ट्यात मूठ एकदा बसवली की तिला उगाच हलवू नये. चढ आला की वेग थोडा पडू द्यावा. चढावर वेग टिकवण्याचा अट्टहास सर्वांत महाग पडतो. गाडी गुदमरण्याआधीच गिअर उतरवावा, क्लचवर ओढू नये.

उताराविषयी मात्र मी अधिक कळकळीने लिहितो, कारण येथे पेट्रोलचाच नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल टाकून गाडी सोडून देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती बचतीच्या नावाखाली बापाकडून मुलाकडे जाते. न्यूट्रलमध्ये इंजिनची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम ब्रेक सलग दाबून तापला की त्याची पकड ढिली होते, आणि वळणावर एकाएकी लागेल तेव्हा गाडीला गिअर नसतो. यात बचत तरी होते का? इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मूठ पूर्ण सोडलेली असताना आणि गाडी गिअरमध्ये असताना इंधनाचा फवारा आपोआप थांबवला जातो. चाकेच इंजिनला फिरवत राहतात. न्यूट्रल टाकल्यावर मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी फवारा सुरूच ठेवावा लागतो. म्हणजे नव्या गाड्यांत गिअरमध्ये उतरणे हेच अधिक काटकसरीचे आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून काही चमचे पेट्रोल वाचत असेल, पण कुंभार्लीच्या वळणांवर त्यासाठी एकाही माणसाने जीव धोक्यात घालू नये. पुतण्याला ही सवय नव्हती, पण त्याच्या मित्राला होती. त्याच रात्री मी त्याला ती सोडायला सांगितली.

देखभालीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याची माहिती बहुतेकांना असते. चेन कोरडी आणि धुळीने भरलेली असली की ती ताकद खाते. ती फार ताणून बसवली तरी खाते. ब्रेक सर्व्हिसिंगनंतर घट्ट राहिला तर चाक हाताने फिरवून लगेच कळते. जुन्या गाडीत सकाळी ओढलेला चोक परत ढकलायला विसरले की काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो. उरते ती हवा. मागच्या चाकात एकट्यासाठी वेगळी आणि डबलसीटसाठी वेगळी हवा पुस्तिकेत दिलेली असते आणि दोन्हींत बराच फरक असतो. तरीही निम्म्याहून अधिक लोक पंक्चरवाल्याला ‘बघ जरा अंदाजाने’ म्हणतात. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि उसळतो, आणि त्या दबण्याची मजुरी पेट्रोल चुकवते.

आता कंपनीच्या आकड्याबद्दल. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत गाड्यांची चाचणी होते. जिच्या टेकडीवर पुणेकर पहाटे फिरायला जातात, तीच ही संस्था. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या चक्राने घेतात. अनेक वर्षे वापरात असलेले भारतीय चक्र १०८ सेकंदांचे होते आणि त्यातला सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर होता. प्रदूषणाची बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर दुचाकींसाठी जागतिक पद्धतीचे चक्र आले. हा आकडा खोटा नसतो. एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करता यावी, म्हणून सर्वांना एकच परीक्षा द्यायला लावण्याचा तो प्रकार आहे. त्या परीक्षेत कुंभार्ली घाट नसतो, मागे मित्र नसतो आणि गतिरोधकही नसतात. त्या आकड्याला आपल्या टाकीच्या लिटरांनी गुणून घरचा बेत ठरवणे मात्र चूक आहे.

इथेनॉलच्या बाबतीत लोकांची तक्रार निराधार नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रण वाढले की किलोमीटर घटणार, हे उघड आहे. देशात १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०२२ मध्ये गाठले गेले आणि आता पंपांवर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. निती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी कमी होईल, असा अंदाज दिला होता. जुन्या गाड्यांच्या मालकांना या घटीची स्पष्ट कल्पना द्यायला हवी होती आणि ग्राहकाला मिश्रणाची निवडही असायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे. तरीसुद्धा ३-४ टक्के म्हणजे साठातले दोन-अडीच किलोमीटर. पुतण्याच्या आणि माझ्या हातातला फरक तेरा किलोमीटरांचा होता. जे आपल्या हातात नाही त्याबद्दल सरकारला जाब जरूर विचारावा, पण त्यापायी जे आपल्याच हातात आहे ते नजरेआड होऊ नये.

आपण हे नजरेआड का केले, याचेही मला एक कारण दिसते. माझ्या तरुणपणी स्कूटरवाला पेट्रोल संपले की गाडी एका अंगावर वाकडी करून तळातले दोन घोट कार्बोरेटरकडे आणायचा आणि पंप गाठायचा. पेट्रोल संपणे ही सर्वांच्या लक्षात राहणारी बाब होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात घरोघरी पोहोचली, आणि त्या गाडीने शब्द पाळलाही. पण त्यानंतरच्या दोन पिढ्या खरोखरच विसरून गेल्या. पुढे कॉकही गेला. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीच्या आत कॉकला एक उंच नळी असते. पेट्रोल तिच्याखाली उतरले की गाडी गचके देते, डाव्या हाताने कॉक रिझर्व्हवर फिरवला की पुन्हा चालू लागते, आणि आता एक-सव्वा लिटरच उरले आहे हे चालवणाऱ्याला पक्के कळते. ती सूचना हातावर बसत असे. इंजेक्शनच्या गाडीत ही सोय नाही. तेथे टाकीतला तरंगता गोळा काट्याला जे सांगेल ते, आणि गोळा बाजूच्या स्टँडवर एक सांगतो, घाटाच्या चढावर दुसरे सांगतो. काही नव्या गाड्यांत आणखी किती किलोमीटर जाता येईल हा आकडाही दिसतो, पण तो आतापर्यंतच्या खर्चावरून काढलेला असतो. सपाटीवर सावकाश चालवून मिळालेला ‘६० किलोमीटर शिल्लक’ हा आकडा घाटात ६० राहत नाही. शिवाय या गाड्यांचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी होऊ दिली तर पंप लवकर निकामी होण्याची भीती असते, आणि तो बदलण्याचा खर्च वाचवलेल्या पेट्रोलहून कितीतरी मोठा असतो.

म्हणून टाकीची पोच ठरवताना तिची पूर्ण क्षमता धरू नये. वापरण्याजोगे नऊ लिटर धरले, तर लिटरला ६५ च्या हिशेबाने ५८५ किलोमीटर होतात आणि ५० च्या हिशेबाने ४५०. हा १३५ किलोमीटरांचा फरक म्हणजे पाटणहून चिपळूणला जाऊन परत येण्याहून अधिक अंतर आहे. कोणता आकडा आपला, हे दुसरे कोणी सांगू शकत नाही. आणि आपला आकडाही एकच नसतो. एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा, घाटाचा वेगळा. घाट चढायचा असेल तर सर्वांत कमी आलेला आकडा धरावा आणि काटा लाल पट्ट्याच्या वर असतानाच भरावे.

पुतण्याच्या वहीत पहिल्या महिन्यात ४८ ते ५२ अशा नोंदी आहेत. दुसऱ्या महिन्यात त्या ५७ च्या आसपास गेल्या आणि तिसऱ्या महिन्यापासून, एकटा असताना, ६० ते ६२ वर स्थिरावल्या आहेत. गाडी तीच आहे, पंप तोच आहे, पेट्रोलही तेच मिश्रणाचे आहे. त्याला अजून माझ्याइतके अ‍ॅव्हरेज मिळत नाही, कारण क्लचवरची दोन बोटे अधूनमधून परत येतात, असे तो स्वतःच सांगतो.

पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे गेलेले असताना हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. घरोघर जेवण आणि पार्सल पोहोचवणारी मुले, दूधवाले, गावोगाव फिरणारे विमा प्रतिनिधी, वाड्यावस्त्यांवर जाणारे शिक्षक अशा अनेकांचे पेट्रोल स्वतःच्या खिशातून जाते. दिवसाला ८० किलोमीटर चालवणाऱ्याचे अ‍ॅव्हरेज ५० वरून ६० वर गेले, तर रोज पाव लिटरहून अधिक पेट्रोल वाचते. पंचवीस दिवसांच्या महिन्याला ते साडेसहा लिटरांच्या वर जाते. एवढी रक्कम ज्यांच्या घरखर्चात दिसून येते, अशांसाठीच मी हे लिहितो आहे.

यासंबंधी आपल्या सदरातून दोन मागण्या मांडतो. शिकाऊ परवान्याच्या वेळी चिन्हांची परीक्षा होते, तेव्हा घाटात गिअरमध्ये उतरणे, क्लचचा वापर आणि हवेचा दाब यांवरही दोन-चार प्रश्न विचारले जावेत. आणि शोरूममधून गाडी हाती देताना हार घालण्याच्या घाईत पाच मिनिटे या गोष्टींसाठी काढली जावीत. दुसरी मागणी पंपांबाबत आहे. हवा विनामूल्य भरून देणे हे पंपचालकांचे बंधनकारक काम आहे, तरीही आमच्या भागातल्या एका पंपावर हवेचे यंत्र कित्येक महिने बंद आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते चालू असले तरी दाबमापक फुटलेला आहे. संबंधित तेल कंपन्यांनी याची तपासणी करून यंत्रे सुरू करून घ्यावीत.

वाचकांपैकी कोणाला वही ठेवायची असल्यास पुतण्याच्या वहीतले एक पान नमुन्यादाखल सोबत जोडले आहे. त्यात तारीख, किलोमीटर, लिटर, एकटा की डबलसीट, आणि रस्ता सपाट की घाटाचा, असे पाच रकाने आहेत. जागा असल्यास ते छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक
ता. पाटण, जि. सातारा